बटावियापुढून पाय निघेना

ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलच्या जहाजबुडी संग्रहालयात मी नाणी-तोफांची दालनं भराभर उरकली. ती काय, कुठेही दिसतात. पण ‘बटाविया’चा सांगाडा! हे डच जहाज १६२९ साली ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या खडकांवर आपटलं आणि १९६३ मध्ये सापडलं. समोर आहे तो मागचा भाग, काळपट ओकच्या जाडजूड फळ्यांचा. पाण्याबाहेर सुकून तडकू नयेत म्हणून त्यांत पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे मेणासारखं रसायन मुरवलंय. किल्ल्याच्या दरवाजासाठी घडवलेले दगडही याच जहाजात सापडले. खरा अंगावर काटा येतो तो पुढच्या हकिकतीने: बुडताना वाचलेल्यांपैकी शंभरावर माणसांना बेटावर आपल्याच सोबत्यांनी मारलं. समुद्र परवडला म्हणायचा!