'शुक्रतारा' अर्धा सूर का चढला, ते अखेर सापडलं

मंडळी, मागच्या खेपेला लिहिलेलं मागे घेतो. 'शुक्रतारा मंद वारा'च्या माझ्याकडच्या दोन तबकड्यांपैकी नंतरच्या प्रेसिंगमध्ये (म्हणजे पुन्हा काढलेल्या छापात) गाणं अर्ध्या सुराने चढवलंय, असं मी ठासून लिहिलं होतं. तसं काही नाही. तबकडी निर्दोष आहे. घोळ माझ्या घरातल्या विजेत होता आणि तो सापडायला तीन आठवडे गेले.

पेटीवर धरून पाहिलं तर पहिली प्रत एका पट्टीत, दुसरी थेट पुढच्या पट्टीत. आधी संशय आयडलर चाकावर, म्हणजे मोटरची गती प्लेटला देणाऱ्या रबरी चाकावर. नवं चाक टपालाने मागवलं, तर त्याचं रबर लाकडासारखं कडक निघालं, सुईखाली घरघर ऐकू यायला लागली. शेवटी जळगावच्या जुन्या बाजारात भंगारातल्या गॅरार्ड रेकॉर्ड प्लेअरचं चाक मिळालं. चाळीस वर्षांपूर्वीचं असेल, पण रबर अजून मऊ. जुनं रबर नीट ठेवलेलं असेल तर नव्याच्या नादी लागू नका, हे माझं पक्कं मत झालंय. पट्टी मात्र तसूभर हलली नाही.

मग स्ट्रोब: लुकलुकत्या दिव्याखाली फिरत्या चकतीवरच्या रेघा स्थिर दिसल्या, तर वेग बरोबर. मिनिटाला ४५ फेऱ्यांसाठी १३३ रेघांची चकती कापली, प्लेटवर ठेवली, वर जुनी ट्यूब लावली. (एलईडी दिव्याखाली हे जमेलच असं नाही, बरेच एलईडी असे लुकलुकत नाहीत.) रेघा जवळपास जागच्या जागी उभ्या. म्हणजे वेग बरोबर. म्हणजे तबकडीच वेगळी. हाच निष्कर्ष मी तुम्हाला कळवला होता.

आमच्या गल्लीतले रेडिओवाले नाना परवा रात्री चहाला आले, लोडशेडिंग चालू होतं. रेघांकडे त्यांनी जेमतेम पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, तुनी लाइटच खोटी शे." मल्टिमीटर हर्ट्‌झवर टाकून इन्व्हर्टरच्या प्लगला लावला. ५३! घरच्या लाइनला ५०.

आता बघा. मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीवर फिरते, ट्यूबही त्याच फ्रिक्वेन्सीच्या दुपटीने लुकलुकते. दोघं मिळून सारखेच पुढे धावले, तर रेघा स्थिरच दिसणार. पन्नासाचे त्रेपन्न म्हणजे सहा टक्के, आणि सहा टक्के म्हणजे पेटीवर बरोबर एक घर, म्हणजेच अर्धा सूर. पहिली प्रत मी दुपारी लाइनवर संगणकात उतरवली होती, दुसरी रात्री इन्व्हर्टरवर. रात्री गल्ली शांत असते म्हणून तेव्हा बसलो होतो. दुसरी फाइल तीन मिनिटांमागे दहा सेकंदांनी आखूड होती, हेही समोरच होतं. तिकडे आधी पाहायला हवं होतं.

काल पहाटे पाचला लाइनवर दोन्ही प्रती पुन्हा उतरवल्या. धाब्याच्या घरात तेवढ्या वेळेला गारवा असतो. दोन्ही एकाच पट्टीत, एकाच लांबीच्या. अरुण दाते आणि सुधा मल्होत्रांचे आवाज अखेर त्यांच्या जागी बसले. एक इंदूरचे, दुसऱ्या हिंदी गाण्यांच्या जगातल्या, आणि पाडगावकरांचे शब्द किती अलगद उच्चारलेत! आग्रा रोडने धुळ्याहून सरळ वर गेलं की इंदूर, त्यामुळे दाते मला कायम शेजारचेच वाटत आलेत. संगीतकार खळ्यांनी स्त्री आणि पुरुष दोघांनाही पेलेल अशी एकच पट्टी साधली, तीच तर मला मोजायची होती. 'शुक्रतारा' कार्यक्रमाचे दोन हजारांवर प्रयोग झाले, दात्यांसोबतच्या गायिका बदलत गेल्या. प्रत्येकीसाठी पट्टी सरकली का, हा माझा खरा प्रश्न आहे.

नव्या आवाजांतल्या कॅसेटी तूर्त बाजूला ठेवतोय. त्यांतल्या एकीवर 'इतर गायकांच्या आवाजात' हे इतकं बारीक छापलंय की भिंग लागतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने असं गाणं नव्या आवाजात काढायला मूळ रेकॉर्डिंगचं वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबावं लागतं, आणि वेष्टनाने गिऱ्हाइकाची दिशाभूलही करायची नाही. त्या काळीही तेवढी चाड असती तर मी ती कॅसेट मूळ समजून घेतली नसती.

इन्व्हर्टरवरच्या बाकी अकरा फाइली संगणकात ०.९४३ ने संथ करणार होतो. पण मोटर थोडी घसरते, गणित तंतोतंत बसणार नाही. पुन्हा उतरवणंच बरं.

हे लिहितालिहिता सुचलं: कार्यक्रमांच्या कॅसेटींत सभागृहातल्या विजेची घूं घूं मुरलेली असणार! ती पन्नासाची असेल, तर टेपचा वेग तीच सांगेल. जनरेटर लावला असेल तर मात्र पुन्हा तीच फसगत. लिहिणं थांबवून गणेशोत्सवातल्या प्रयोगाची कॅसेट ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली. टाळ्या संपून गाणं सुरू व्हायच्या आधीचे चार सेकंद घेतले. फ्रिक्वेन्सीच्या आलेखात दोन सुळके दिसले. एक ५० वर, तो माझ्या डेकचा. दुसरा ५१.४ वर, म्हणजे एकतर टेप वेगात चालतेय, नाहीतर तिथे जनरेटर होता. उद्या पहाटे डेक बदलून पाहतो.