तुम्ही विचारलंत म्हणून: सारखं ‘मी पापी’ का?

आमच्या शेजारी यंत्रमागावर काम करणारे एक काका आहेत. त्यांचा ठरलेला प्रश्न: “तुम्ही रविवारी चर्चमध्ये जाऊन ‘मी पापी, मी पापी’ म्हणता, त्यानं माणूस खचत नाही का?” तुम्हीही तेच विचारलंत, फक्त जरा अदबीनं.

सोलापुरात हा प्रश्न यावा याची मला गंमत वाटते. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. तुकोबांनी देवाकडे लहानपण मागितलं ते कुणाला खटकत नाही. १८९५ साली ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक तर म्हणायचे, मी तुकोबांच्या पुलावरूनच ख्रिस्तापाशी आलो.

तरी काकांची शंका अगदीच वावगी नाही. पश्चात्तापाचं आमचं सगळ्यांत ओळखीचं स्तोत्र म्हणजे बायबलमधलं ५१वं. भग्न हृदय देव तुच्छ मानत नाही, असं त्यात आहे. पण ते आहे कुणाच्या तोंडी? दावीद राजाच्या. त्यानं बथशेबेला बोलावून घेतलं, तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत पुढे घालून मारवलं आणि वर साळसूदपणे राज्य करत राहिला. नाथान संदेष्ट्यानं त्याला गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली. मेंढी हिसकावणाऱ्या श्रीमंतावर राजा भडकला, तेव्हा नाथान म्हणाला, तो माणूस तूच. इथे मोडायला हवा होता तो सत्तेचा ताठा. नाथानाचं बोट राजाकडे आहे, बथशेबेकडे नाही. आमच्या मंडळींत हे पुष्कळदा विसरलं जातं.

माझे वडील मिलमध्ये होते. मिल बंद पडली, देणी अडकली. तेव्हा एक वडीलधारे घरी प्रार्थनेला आले आणि डोळे मिटून म्हणाले, “प्रभू, तू यांचा गर्व उतरवलास.” कसला गर्व? बदली कामगाराचा? ही बायबलमधल्या ईयोबाच्या मित्रांची जात. ईयोब निर्दोष असूनही त्याचं सगळं गेलं होतं. ते सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले तोवर ठीक होतं. तोंड उघडलं, हे तुझ्याच पापाचं फळ म्हणाले, आणि सगळं बिघडलं. शेवटी देवाचा राग त्यांच्यावरच झाला.

आधीच मोडलेल्यासाठी ३४वं स्तोत्र आहे. परमेश्वर भग्नहृदयी लोकांच्या जवळ असतो, इतकंच. आधी कबुली द्या, मग येतो, अशी अट त्या ओळीत नाही.

जवळ असतो म्हणजे काय, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. मिल काही सुरू झाली नाही. प्रेषित पौलानंही शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारी पीडा, काढ म्हणून प्रभूला तीनदा विनवलं. काटा तसाच राहिला, ‘माझी कृपा तुला पुरे’ एवढं उत्तर मिळालं. तरुणपणी मला ही टोलवाटोलवी वाटायची. वडिलांना वाटली नाही. एका रविवारी प्रार्थनेचे विषय विचारले तेव्हा ते उभे राहिले आणि म्हणाले, “भाडं थकलंय. प्रार्थना करा.” मिलचा माणूस, भर मंडळीत. आईनं मान खाली घातली. पण मागच्या बाकावरून विड्या वळणाऱ्या एक मावशी उठल्या आणि त्यांनी आपल्या कर्जाचं सांगितलं, मग आणखी एकानं मुलाच्या दारूचं. त्या दिवशी उपासना बरीच लांबली. संध्याकाळी कुणीतरी आमच्याकडे ज्वारी पोचवली. वडिलांनी ती काही न बोलता ठेवून घेतली. एरवी परत पाठवली असती.