दंडाचं माप

मी सांगलीत विश्रामबागला घरीच ब्लाऊज शिवते. गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत माझंही एक पान आहे. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातलं: कंबर 38, दंड 14. त्याखाली चाळीस दिवसांनंतरचं: कंबर 35, दंड साडेबारा. तेव्हा कंबरेचा आकडा बघून हरखले होते. दंड कशानं उतरला, हे विचारायला हवं होतं.

त्या चाळीस दिवसांत वजन उतरवायला रोज एक हार्मोनचं इंजेक्शन आणि दिवसाला 500 कॅलरी. ज्वारीच्या तीन भाकरींत तेवढ्या भरतात, आणि मला एकही भाकरी नव्हती. शंभर ग्रॅम चिकन, उकडलेला कोबी, एक सफरचंद. रात्री परत तेच. शेंगदाण्याची चटणी बंद. अंगाला तेलसुद्धा लावायचं नाही. "हार्मोनमुळे भूक लागणार नाही, साठलेली चरबीच वितळेल," असं सांगितलं होतं. भूक लागायची. मशीनवर बसलं की पाय गार पडायचे, सुईत दोरा ओवताना डोळ्यांपुढे अंधारी यायची.

माझी धाकटी बहीण मिरजेत नर्स आहे, बाळंतिणींच्या वॉर्डात. तिनं बाटलीवरचं नाव वाचलं, एचसीजी. "ताई, हे गर्भारपणातलं हार्मोन आहे गं! वार तयार करते ते. पट्टीवर दोन रेघा उमटतात त्या ह्याच्यामुळेच. मूल राहत नाही त्या बायकांना स्त्रीबीज सुटावं म्हणून देतात."

मग तिच्याकडूनच सगळं कळलं. अल्बर्ट सिमियन्स नावाचा ब्रिटिश डॉक्टर, बरीच वर्षं आपल्या भारतात काढून रोमला गेलेला. त्यानं 1954 साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात हा उपाय मांडला. तेलाची बंदीही त्याचीच. पुढे इतरांनी पडताळणी केली: काहींना एचसीजी, काहींना नुसतं मिठाचं पाणी टोचलं, खाणं दोघांचं सारखंच तुटपुंजं. 1995 मध्ये ह्या उपायावरच्या 24 अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. वजन कमी करायला, भूक मारायला किंवा चरबी हलवायला ह्या हार्मोनचा उपयोग होतो, असा पुरावा त्यात मिळाला नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2011 मध्ये एचसीजीचे थेंब विकणाऱ्या कंपन्यांना नोटिसाही धाडल्या. म्हणजे माझं वजन उतरवलं ते उपाशीपणानं. बाटलीला मी फुकट पैसे मोजले.

आणि उपाशी शरीर नुसती चरबी जाळत नाही, स्नायूही खातं. माझा दंड तिथंच गेला. दिवाळीत अभ्यंगाला बसले तर केसांचे पुंजके हातात आले. मार्गशीर्षात एका रात्री उजव्या बरगडीखाली अशी कळ उठली की पहाटे मिरज गाठावं लागलं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे. वजन झपाट्यानं उतरलं की यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं. जेवणात स्निग्ध काही नसेल तर पित्ताशय नीट आकुंचन पावत नाही, पित्त साचून राहतं आणि त्याचे खडे होतात. डॉक्टरांनी हे कागदावर चित्र काढून दाखवलं. तो कागद मी वहीतच ठेवलाय. कंबर संक्रांतीपर्यंत 38 झाली होती. दंड अजून चौदा नाही.

परवा एक वहिनी आल्या. लेकीचं लग्न महिन्यावर. "चार इंच कमी धरून शिव, मी इंजेक्शनं सुरू करतेय." मी वही उघडून ते पान आणि तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. बराच वेळ बोललो. मग त्यांना उभं केलं, आजचं माप घेतलं, आणि कापताना दोन्ही बाजूंना नेहमीपेक्षा जास्त माया सोडली.