पियानोच्या रेकॉर्डिंगमागची घुंघुं: आधी यूएसबीची वायर काढून बघा

डिजिटल पियानो हेडफोनवर अगदी स्वच्छ ऐकू येतो. तोच ऑडिओ इंटरफेसमधून (वाद्याचा आवाज यूएसबीने लॅपटॉपला पोचवणारा डबा) लॅपटॉपवर घेतला की मागे घुंघुं सुरू होते, नाहीतर माउस हलवला की चिरचिर. मग बहुतेक जण महागडी केबल मागवतात. ती आली तरी आवाज तिथेच असतो, कारण दोष बहुधा केबलमध्ये नसून जोडणीत असतो.

सगळ्या वायरी जोडून, पियानो चालू ठेवून, एकही पट्टी न दाबता दहा सेकंद रेकॉर्ड करा. ती क्लिप ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि प्लॉट स्पेक्ट्रममध्ये (कुठल्या हर्ट्झवर किती आवाज आहे ते दाखवणारा आलेख) साइझ १६३८४ ठेवून बघा. आलेखाची उंच टोकं ५०, १००, १५० हर्ट्झवर असतील तर आवाज घरच्या विजेचा. १०००, २०००, ३००० वर असतील तर यूएसबीचा, कारण यूएसबीवर दर मिलिसेकंदाला एक फ्रेम जाते आणि कानाला तिचाच सूर ऐकू येतो. ८००० चं टोचरं टोकही त्याच घरातलं. टोकं नाहीत, नुसतं सपाट ‘सूं’ आहे, तर गेनचं (इंटरफेस आवाज किती वाढवतो त्याचं) गणित चुकलंय; त्याकडे नंतर येऊ.

आता पियानोपासून लॅपटॉपला जाणारी यूएसबी मिडीची वायर (आवाज नाही, कुठली पट्टी दाबली एवढीच माहिती नेणारी) उपटा. बऱ्याचदा आवाज इथेच थांबतो. ‘पियानोचा अडॅप्टर दोन पिनांचा आहे, त्याला अर्थिंगच नाही, मग ग्राउंड लूप (ग्राउंडच्या तारांचं बंद वर्तुळ) कुठून येणार?’ हा प्रश्न हमखास येतो. लूपला भिंतीतली अर्थ लागतेच असं नाही. पियानोच्या ऑडिओ केबलची जाळी (तारेभोवतीचं धातूचं वेष्टन, तेच ग्राउंड) इंटरफेसला जोडलेली, इंटरफेस यूएसबीने लॅपटॉपला आणि लॅपटॉप मिडीच्या वायरीने परत पियानोला. झालं वर्तुळ पूर्ण. लॅपटॉपच्या आतला कचरा-करंट या वर्तुळातून फिरताना ऑडिओ केबलच्या जाळीतूनही जातो. पियानोचं आउटपुट अनबॅलन्स्ड, म्हणजे सिग्नलची एकच तार आणि परतीला जाळी, असल्यामुळे जाळीवर पडलेला तो बारीकसा व्होल्टेज सिग्नलमध्येच मिसळतो.

मिडी नको असेल तर वायर काढून ठेवा, विषय संपला. हवी असेल तर पियानोला पाच पिनांचं मिडी आउट आहे का बघा. मिडीच्या मूळ रचनेतच घेणाऱ्या बाजूला ऑप्टो-आयसोलेटर (तारेऐवजी प्रकाशाने सिग्नल पुढे देणारा भाग) असतो, त्यामुळे तिथून लूप बनत नाही. नव्या घरगुती मॉडेलांत ते सॉकेट सहसा नसतं. मग यूएसबी आयसोलेटर (दोन्हीकडची ग्राउंड तोडून फक्त डेटा पुढे देणारी डबी) घ्या, पण तो मिडीच्या वायरीत लावा, इंटरफेसच्या नाही. स्वस्त आयसोलेटर १२ मेगाबिटचे असतात. मिडीला तेवढं भरपूर होतं, पण हाय-स्पीड इंटरफेस त्यावर चालत नाही.

वायर काढूनही घुंघुं राहिली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा. आवाज गेला तर लूप चार्जरमधून आहे, किंवा घराचं अर्थिंग गेलंय. लॅपटॉपच्या धातूच्या कडेवर बोट फिरवल्यावर झिणझिण्या आल्या तर अर्थिंग गेल्याची शक्यता जास्त. इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट मोजून घ्या: फेज ते अर्थ २३० व्होल्टच्या आसपास, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. चार्जर, पियानो, स्पीकर सगळं एकाच एक्सटेन्शन बोर्डवर घ्या. आणि घुंघुं घालवायला प्लगची अर्थ पिन कापायचा सल्ला कुणी दिला, तर त्याला नमस्कार करून विसरा. आवाज जाईल, पण शॉक बसायची सोय होईल.

केबलवर पैसे घालायचेच असतील तर ही एक करून घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ सामान मिळतं आणि डागकाम घरीही होतं. दोन तारांची जाळीवाली केबल घ्या. इंटरफेसच्या बाजूला तीन भागांचा टीआरएस जॅक (टोक म्हणजे टिप, मधली कडी रिंग, मागचा दांडा स्लीव्ह): लाल तार टिपला, पांढरी रिंगला, जाळी स्लीव्हला. पियानोच्या बाजूला साधा मोनो जॅक: लाल टिपला, पांढरी आणि जाळी दोन्ही स्लीव्हला. आता इंटरफेस पांढऱ्या तारेवरून पियानोचं ग्राउंड थेट मोजतो आणि जाळीतला कचरा बराचसा वजा होतो. डाव्या-उजव्या बाजूला मिळून अशा दोन लागतात. तरीही भागलं नाही तर ट्रान्सफॉर्मरवाला पॅसिव्ह डीआय बॉक्स, म्हणजे पियानो आणि इंटरफेस यांच्यामधली थेट जोडणी तोडणारी डबी. फुटकळ किमतीचे ऑडिओ आयसोलेटर मात्र टाळा. पियानोचा सगळ्यात खालचा ए २७.५ हर्ट्झचा असतो, आणि चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये डाव्या हाताचे खर्जातले स्वर फाटतात.

ज्या पियानोंना लाइन आउट नाही, फक्त हेडफोनचं भोक आहे (यामाहाचा पी-४५ त्यातलाच), तिथे वेगळीच गंमत होते. लोक सरळ टीआरएस ते टीआरएस केबल एका इनपुटमध्ये खुपसतात. इंटरफेस ते बॅलन्स्ड (एकाच सिग्नलच्या दोन उलट तारा) समजून डाव्यातून उजवं वजा करतो. दोन्हीकडे सारखं असलेलं सगळं उडतं आणि उरतो पोकळ, डब्यातल्यासारखा आवाज. मग गेन वाढवतात आणि खरखरही वाढते. इथे एका स्टीरिओ जॅकचे दोन मोनो जॅक करणारी वाय-केबल लागते, दोन इनपुटमध्ये.

आता ते सपाट ‘सूं’. पियानोचा व्हॉल्यूम पाऊणपर्यंत न्या, इंटरफेसचा गेन तळाशी ठेवा. इन्स्ट लिहिलेलं बटण बंद. ते गिटारसाठी आहे, नावावरून फसू नका. सगळ्यात जोरात वाजवायचा भाग वाजवा आणि मीटर -१२ डेसिबलच्या आसपास पोचेल इतकाच गेन द्या. २४ बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये एवढी जागा सोडल्याने काही बिघडत नाही. उलटं केलं, म्हणजे पियानो हळू आणि गेन चढा, तर पियानोच्या सर्किटची सगळी सुरसुर मोठी होऊन येते.

सॉफ्टवेअरने नंतर साफ करू म्हणाल, तर ५० आणि १०० हर्ट्झवर नॉच (तेवढाच सूर कापणारा फिल्टर) लावताना जरा थांबा. पियानोचे खालचे दोन जी ४९ आणि ९८ हर्ट्झवर बसतात, १५०च्या शेजारी १४६.८ला डी. घुंघुं जाईल, पण जी मेजरमध्ये वाजवलं की डावा हात मधेच अंग चोरल्यासारखा ऐकू येईल.