आत्याची दाढ

मंगळवार, रात्री साडेदहा

आत्याची दाढ दुखायची थांबली म्हणून सकाळी घरात सगळ्यांना हायसं वाटलं. मला मात्र तिच्याकडे बघून धस्स झालं. उजवा गाल सुजला होता आणि जबड्याच्या कडेखाली हात लावला तर टणक, गरम लागत होतं. "अगं, ठणका गेला ना, आता कशाला डॉक्टर?" म्हणत ती चहात बिस्किट बुडवत होती. खात होती तीही डाव्याच बाजूने.

परवापर्यंत गार पाण्याचा घोट घेतला की कळ कितीतरी वेळ जायची नाही. आडवी झाली की ठणका वाढायचा, म्हणून उशांना टेकून रात्र काढायची. दाताच्या आतली नस सुजते, कडक दातात तिला फुगायला जागा नसते, आडवं झालं की दाब आणखी वाढतो. पुढे नसच मेली की दुखणं बंद पडतं, पण जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरत राहतात. त्यात आत्याला मधुमेह. मी तिला रिक्षात बसवलंच.

डॉक्टरबाईंनी आधी तोंड पूर्ण उघडायला लावलं. गिळायला त्रास होतो का, ताप आहे का, साखर किती, सगळं विचारलं, जिभेखाली बोट फिरवून पाहिलं. एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी काळा डाग दिसला. दाढेला वरून छिद्र पाडलं तसा पू आला आणि घाण वास सुटला. आत्याने माझं मनगट घट्ट धरलं होतं. थोड्या वेळाने पकड सैल झाली. "हलकं वाटतंय गं," म्हणाली.

नुसत्या अँटिबायोटिकवर भागलं नसतं का, हे मी विचारून घेतलं. मेलेल्या नसेपर्यंत रक्तच जात नाही, मग औषध कसं जाणार, असं त्या म्हणाल्या. लवंगेचं तेल रात्र निभवायला ठीक आहे. पण हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवायला सांगणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, हिरडी भाजते त्याने.

आजची रात्र मी तिच्याच खोलीत झोपणार आहे. सूज मानेकडे किंवा डोळ्याकडे सरकली, थुंकी गिळता येईना, तोंड उघडेना, आवाज जड झाला किंवा धाप लागली, तर सकाळची वाट न बघता थेट मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्यायचं, असं बजावलंय. खालच्या मागच्या दाढांचा पू जिभेखाली आणि मानेत उतरला तर श्वासाची वाट दाबली जाते. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरने १८३६ साली याचं वर्णन केलं, त्याच्याच नावाने तो आजार अजून ओळखतात. एका दाढेने माणूस दगावू शकतो, हे आमच्या घरात कुणाला पटतच नव्हतं. आज भावालाही सगळी लक्षणं नीट समजावून सांगितली.

बाराचा आणि तीनचा गजर लावलाय. ताप बघायचा, पाणी पाजून गिळता येतंय का बघायचं. सकाळी उपाशीपोटी साखर. परवा पुन्हा बोलावलंय, सूज उतरली की रूट कॅनालचं पुढचं काम.