बत्तिसातून अठ्ठावीस

"सर, पुस्तकात चुकीचं गणित छापलंय."

तिसरीतली पोरगी वही घेऊन टेबलापाशी आली. गणित होतं ३२ वजा २८. छपाईच्या चुका आम्ही पाहिल्यात, पण यात चुकायला जागा कुठे आहे? म्हटलं, करून दाखव.

"दोनातून आठ जात नाहीत. दशकाचा एक घेतला, बारा झाले. बारातून आठ गेले चार." तिने ३ वर काट मारून डोक्यावर २ लिहिले. इथवर झकास. मग खालच्या २ च्या पायाशी तिने पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढली. "आता दोनातून तीन कसे जाणार? जातच नाहीत."

खाली तीन कुठून आले गं? तर ती रेघ म्हणजे एक. दोन आणि एक तीन.

मी वहीची मागची पानं उलटली. आठवड्यापूर्वीचा गृहपाठ: ५२ वजा २८ बरोबर १४. ६३ वजा ३७ बरोबर १६. ८४ वजा १९ बरोबर ५५. ४० वजा १३ बरोबर १७. हातच्याची सहा गणितं, सहाही चूक, आणि प्रत्येक उत्तर खऱ्यापेक्षा नेमकं दहाने कमी. बिनहातच्याची चारही बरोबर. प्रत्येक चुकलेल्या गणितात वर काट आणि खाली ती रेघ. पानाखाली माझ्याच लाल अक्षरात: 'लक्ष देऊन सोडव. घरी सराव कर.' त्यावर मी आणखी दहा गणितं दिली होती. म्हणजे आठवडाभर ती चूकच घोटत होती आणि घोटायला मीच लावलं होतं.

वह्या तपासणारा कोणीही सांगेल की तिसरीतली पोरं वाटेल तशी चुकत नाहीत. एखाद्याने ५२ वजा २८ चं उत्तर ३६ लिहिलं, तर त्याने सगळीकडे मोठ्यातून लहान वजा केलंय, मग मोठा अंक वर असो की खाली. 'एकोणतीस' सांगितल्यावर ३९ लिहिणारं पोरगं शब्दातला 'तीस' ऐकतं आणि त्याला नऊ जोडतं. हे मला पाठ आहे. पण दहाने कमी असलेली ही सहा उत्तरं मी उत्तरसूचीशी ताडून लाल करत गेलो. वर्गात तिसरी-चौथी मिळून सव्वीस पोरं आणि शाळेत आम्ही दोघेच शिक्षक, असं कारण देता येईल. खरं म्हणजे मी बघितलंच नाही.

"ही रेघ कोणी शिकवली?" तर "आजीनं."

आईबाप दिवाळीपासून ऊसतोडीला गेलेले, पोरगी आजीपाशी. घरच्या सरावासाठी वरून मातागटाच्या, म्हणजे आयांनी एकत्र येऊन पोरांचा सराव घ्यायच्या, सूचना येतात, मोबाईलवर पाठवायला व्हिडिओ येतात. इथे माता फडात आणि मोबाईलही फडात. अहवालात मात्र 'मातागट कार्यरत' एवढंच भरायचं असतं. मीही भरतो.

पुढे मी जे बोललो ते अजून डोक्यातून जात नाही. सगळ्या वर्गासमोर म्हणालो, "आजीला सांग, ती रीत जुनी झाली. आता तसं नसतं."

दुसऱ्या दिवशी वही कोरी. तिसऱ्या दिवशीही. आजी म्हणाली होती, "मग मला नाय येत, तुजं तूच कर."

शाळा सुटल्यावर घरी गेलो. आजी बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. सोमवारी बाजारात बसते, चौथी शिकलेली. मला बघून पोरगी आत पळाली. मी म्हटलं, आजी, मला ५२ वजा २८ करून दाखवा की. आधी नको नको म्हणाली, मग पोरीची पाटी ओढली.

"दोनातनं आठ जाईनात. वर धा दिलं, बारा झालं. बारातनं आठ गेलं चार. हातचा एक खाली दिला, दोन आन् एक तीन. पाचातनं तीन गेलं दोन. चोवीस."

वरच्या पाचाला तिने हातही लावला नाही. मी विचारलं, पाचातला एक कमी नाही का करायचा? तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पहिलीत जाऊन बसलो.

"त्येच्याकडनं घेतलंयच कुटं? वरच्याला बाहीरनं धा दिलं, म्हून खालच्यालाबी धाच दिलं. एकाला वाढायचं आन् दुसऱ्याला उपाशी ठिवायचं, आसं आसतंय व्हय?"

वर दहा सुटे दिले, खाली एक दशक दिला. ५२ चे ६२ झाले, २८ चे ३८. फरक तोच. रीत पूर्ण बरोबर आहे. माझे वडीलही असंच 'हातचा खाली' म्हणायचे, मीही लहानपणी तसं केलं असणार. डी.एड. झालं, चौदा वर्षं नोकरी झाली, पण खाली तो एक का द्यायचा हे मला कधी कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आम्ही शिकवतो त्यात पाच दशकांतला एक गठ्ठा सोडायचा, चार उरतात. पोरगी शाळेत गठ्ठा सोडायची आणि संध्याकाळी आजीसारखी रेघ ओढायची. दोन्ही माणसांचं ऐकायची, म्हणून दहा जास्तीचे जायचे.

२०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जागी 'वीस एक' आलं तेव्हा केवढा गदारोळ उठला, विधिमंडळापर्यंत गेला. वजाबाकीची रीत बदलली त्याची घरोघरच्या आज्यांना कोणी वर्दीसुद्धा दिली नाही. आणि पोरांना किती वाचता-मोजता येतं याची पाहणी करणारे 'असर'वाले २००५ पासून घरोघर जाऊन पोरांना हीच दोन अंकी हातच्याची वजाबाकी विचारतात. आकडे छापून आले की आम्हाला बैठकीत उभं करतात. घरात कोणती रीत चालते हे त्या बैठकीत निघालेलं मी तरी ऐकलेलं नाही.

जाता जाता आजीला ३२ वजा २८ घातलं. तिने पाटी घेतलीच नाही. "अठ्ठावीस. दोन तीस, दोन बत्तीस. चार." बाजारात सुटे परत देताना मोजतात तसं. मग पोरगी दाराआडून पुढे आली आणि म्हणाली, "सर, मग रेघ कुठं द्यायची?"

दुसऱ्या दिवशी मी वर्गात काड्यांचे गठ्ठे काढले. रबर लावलेले दहा-दहाचे. बत्तीसचे तीन गठ्ठे, दोन सुट्या. एक गठ्ठा सोडून दाखवला. नंतर आजीची रीत दाखवायला गेलो आणि अडकलो, कारण तिच्यात दहा काड्या बाहेरून आणाव्या लागतात आणि पोरं विचारतात, "सर, त्या कुणाच्या?" शेवटी दोन पोरांना भिंतीला उभं केलं, उंचीच्या खुणा केल्या, मग दोघांच्याही पायाखाली एकेक पाट दिला. खुणांमधलं अंतर तेवढंच राहिलं. चौथीतल्या तिघांना पटलं. तिला पटलं की नाही, सांगता येत नाही. ती पाटच बघत होती.

सहकाऱ्याचं मत, एकच रीत ठेवा, उगाच घोळ कशाला. त्याचं चूक नाही, तपासणीला वही त्यालाही दाखवायची असते. मी तिला सांगितलं: एका गणितात एकाच माणसाचं ऐक. काट मारलीस तर रेघ नाही, रेघ दिलीस तर काट नाही. आजीलाही हेच सांगून आलो, आणि वर्गात बोललो त्याबद्दल 'माझं चुकलं' म्हणालो. तिने जुडीचा दोरा दातांनी तोडला, बोलली काही नाही.

चाचणीत सहापैकी पाच बरोबर. ७० वजा ३६ ला उत्तर २४, परत काट आणि रेघ दोन्ही. पानाच्या मागे कच्चं काम होतं, तिथे सगळ्या गणितांना फक्त रेघा, आणि तिथे उत्तर ३४.

परवा सोमवारी बाजारात आजीकडून दोन जुड्या घेतल्या. पन्नासची नोट दिली. तिने मोजत सुटे हातावर ठेवले आणि हात सोडायच्या आधी म्हणाली, "गुरजी, गुणाकार कवा सुरू करनार? आदी मला येऊन दावा."