दोरीचा चौथा महिना: निद्रासन टिकलं

मंगळवारी दोरीच्या मल्लखांबावर निद्रासन, म्हणजे दोरीवर झोपल्यासारखं आडवं होणं, सात सेकंद टिकलं, दोन्ही हात सोडून. मागच्या महिन्यात दोन सेकंदांतच घाबरून दोरी धरत होते.

नव्या मुलींसाठी एक गोष्ट नीट लिहिते. आपल्या दोरीला गाठ नसते. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांत सुती दोरी धरायची, मांडीला वळसा घ्यायचा आणि अंगाचा भार सोडायचा. वळसा त्या भारानेच आवळतो. भार जास्त, तर आवळ घट्ट. शिकवणाऱ्या ताईने पहिल्या आठवड्यात हे सांगितलं तेव्हा मी गप्पच झाले. सातवीपासून मी ढगळ कुर्त्यात मांड्या लपवत होते. एका लग्नात नात्यातल्या बाई आईला म्हणाल्या, "हिचा भात बंद करा आता," तेव्हापासून डबा तसाच परत आणायचे. आणि इथे त्याच मांडीच्या भरवशावर उलटं लटकायचं होतं! उपाशी पोटी अंगठ्याची पकड सुटते, हेही लगेच कळलं. आता सरावाआधी केळं आणि घरी आल्यावर पोटभर वरणभात.

दहावीच्या वर्षी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत छातीत धडधडायचं. दोरीने ते गेलं असं मी म्हणणार नाही. समुपदेशक बाईंशी बोलणं चालूच आहे. पण सराव असतो त्या रात्री लवकर झोप लागते. वर असताना पुढचा वळसा सोडून दुसरं काही सुचतच नाही.

२०१९ च्या फेब्रुवारीत शिवाजी पार्कला मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. आजीने नेलं होतं, मी नऊ वर्षांची होते. तेव्हाच दोरी धरायला हवी होती.

पाळी सुरू झाली की मुली गळतात, याचं मला फार वाईट वाटतं. जागतिक आरोग्य संघटना या वयात रोज सरासरी ६० मिनिटं व्यायाम सांगते, आणि २०१९ मध्येच आलेल्या तिच्या अभ्यासात ११ ते १७ वयाच्या ८५ टक्के मुली तिथवर पोचत नव्हत्या. आमच्या ताईने त्या दिवसांत काळी लेगिंग चालेल असं सांगितलं, तर सोडून गेलेल्या दोघी परत आल्या.

पुढच्या महिन्यात पद्मासन. मांडीवरच्या वळांना खोबरेल तेलाखेरीज काही लावत असाल तर नक्की सांगा. परवा त्या वळांसकट शॉर्ट्स घालून दुकानात गेले होते.